रगतातला करंट

“बोल वं माय, खरं बोल.” आमचं रक्त तपासायचं यंत्र टेबलावर मांडलं की गावातले एक शेतकरी वाकून त्याच्याशी असं बोलायचे. वावरातला अडून बसलेला बैल असो की तळहाताएवढं यंत्र, त्यांची समजूत घालायची रीत एकच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील.

जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यातलं त्यांचं गाव. विहिरींचं पाणी खारट आणि गल्लोगल्ली किडनीचे रोगी. मी काम करते त्या प्रयोगशाळेत आम्ही या यंत्रात बसवायची सिमकार्डाएवढी एक चिप तयार केली होती. बोटातल्या रक्ताचा थेंब तिच्यातल्या केसासारख्या बारीक वाटेनं सरकतो आणि टोकाला अगदी क्षीण वीज तयार होते. ती मोजली की किडनी कितपत काम करते ते कळतं; आकडा जितका जास्त, तितकी किडनी थकलेली. मी हे पारावर समजावून सांगत होते, तर ते मोठ्यानं हसले.

“गावात लाइट नाही, अन् माह्या रगतात करंट!”

पहिला थेंब त्यांनीच दिला.

आकडा इतका वर गेला की मला वाटलं, चिप बिघडली. कापसाची गाठोडी पाठीवर उचलणारा धडधाकट माणूस! दुसरी चिप लावली. तोच आकडा. मग शिरेतलं रक्त दवाखान्यात तपासून घेतलं. चिपचं काहीच चुकलं नव्हतं.

सांगायला त्यांच्या घरी गेले तेव्हा ते ओसरीवर दोर वळत होते. ऐकून हात थांबला.

“मले तं काहीच दुखत नाही वं पोरी.” मग दोर बाजूला ठेवून म्हणाले, “खोटं बोलली असती तं बरं झालं असतं तुही मशीन.”

डायलिसिस सुरू झालं. अंगावरचा सदरा दिवसेंदिवस मोठा दिसायला लागला. तरी आम्ही गावात गेलो की ते घरोघरी फिरून माणसं बोलावून आणायचे. फक्त त्यांची बायको यायला तयार नव्हती.

“दोघंही बिमार निघालो तं ढोरं कोन पाहीन?” ती म्हणायची.

शेवटी एकदा ते तिच्याशेजारी बसले. तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. तिनं मान वळवली आणि मी सुई टोचली. आकडा थोडासाच वर होता. औषधानं आवरण्याजोगा.

“हिची बिमारी येळेवर सापडली!” घरात मुलगी जन्मल्यासारखं त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितलं.

त्याच उन्हाळ्यात गावात नळ आला, धरणाचं गोडं पाणी घेऊन. मी गेले तर त्यांनी स्वतः गिलास भरून दिला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

“कसं लागते?”

“गोड.”

“पी मंग, आनखी पी. मले किडनीपायी डॉक्टरनं घोटघोटच प्याले सांगतलं.” त्यांनी ओली बोटं फक्त ओठांवरून फिरवली.

दिवाळीआधी ते गेले.

पुढच्या तपासणीला त्यांची बायको एकटीच आली. आकडा वाढला नव्हता. तसं सांगितलं, तर तिनं मान हलवली. उठली मात्र नाही.

“चार सालं आंधी काऊन नाही आली वं पोरी?”

तिच्या आवाजात राग नव्हता. मी तिच्या बोटावर कापूस दाबून धरला होता, तसाच धरून राहिले. रक्त केव्हाच थांबलं होतं.