मशीन दोन घेत नव्हतं

अंगात येणं, करणी, उतारा… यातलं मी काहीच मानत नाही. आमच्या गल्लीत एकीच्या अंगात यायचं, पण ती नेमकी पुरणपोळीच्या वासाच्या घरातच घुमायची. तेव्हाच माझा विश्वास उडाला. शेजारच्या वहिनींकडे मासिक येतं, त्यात लोक असले अनुभव लिहून पाठवतात. मी पाठवणार नाही. शिक्षण चौथी, चारचौघांत बोलता येत नाही. पण लिहिल्याशिवाय डोकं शांत होत नाही, म्हणून धाकट्याच्या जुन्या वहीत मागून लिहिते आहे.

साल शहाण्णव, यंदाची उसाची तोड चालू होती. मी आणि सासूबाई माळेगावहून सकाळच्या एसटीनं बारामतीला गेलो. एका शाळेच्या हॉलमध्ये बायकांच्या तपासणीचं शिबिर होतं. माझं रक्त कमी झालं होतं, हंडा उचलला की डोळ्यांपुढं अंधारी यायची.

दाराशीच टेबलावर कॉम्प्युटर होता. मी पहिल्यांदाच पाहत होते. काळा पडदा, हिरवी इंग्रजी अक्षरं. पडद्यावर प्रश्न आला की समोरच्या मॅडम तो मराठीत विचारायच्या, आकडा दाबायच्या, खाली पुढचा प्रश्न यायचा. आकडा चुकला तर मशीन टूं करायचं आणि तोच प्रश्न पुन्हा खाली उतरायचा.

माझ्यापुढं एक म्हातारी होती.

"आजी, वय?"

"आसंल की साठ-सत्तर."

"हे एकच आकडा घेतं, आजी."

"मग तुला बरा वाटंल त्यो घाल."

सगळ्या हसल्या. मग मी बसले. वय एकतीस. बाळंतपणं किती? तीन. हयात मुलं किती?

"दोन," मी म्हणाले.

दोन मुलगे. तिसरी मुलगी घरीच झाली. त्यानंतर आठ दिवस मी तापात होते. शुद्धीवर आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं — पोर दुसऱ्याच दिवशी गेली, ओढ्याकाठी पुरली.

मॅडमनी दोन दाबला. टूं. पुन्हा दाबला. टूं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण तीच ती ओळ एकाखाली एक उतरताना दिसत होती. सात ओळी मोजल्या मी.

"बया, मशीनला हिची पोरं मोजता येईनात," मागून कुणीतरी म्हणालं. मला मान वर करवेना.

"हा प्रोग्रॅम मीच लिहिलाय," मॅडम म्हणाल्या. "अक्षर टाकलं किंवा बाळंतपणांपेक्षा मुलं जास्त सांगितली, तरच हे नाही म्हणतं. तीन झाली, दोन आहेत — यात न घेण्यासारखं काय आहे?"

त्यांनी मला थांबवून मागच्या बाईला घेतलं. योगायोगानं तिचंही तीन आणि दोन. मशीननं गुपचूप घेतलं. मग पुन्हा मी. दोन… टूं.

रांग वाढत होती. मॅडमनी वैतागून तीन दाबला. आवाज नाही. पुढचा प्रश्न आला.

"राहू दे ताई, कागदावर मी दोन करते," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात सासूबाई पुढं आल्या. त्यांचं तोंड उतरलं होतं. टेबलाची कड धरून म्हणाल्या, "तीन कुणी सांगितलं तुमास्नी?"

"कुणी नाही, आजी. मशीन —"

"पळसदेवचं कुणी आलं व्हतं का हितं?"

पळसदेवला माझी नणंद दिलेली. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं, सासरी दुसरी बायको करायचं घाटत होतं. माझ्या बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी ती कडेवर मुलगी घेऊन आली. नवऱ्याच्या लांबच्या नात्यातली, आई वारली म्हणून घेतली, असं सांगितलं. ती पोर रडली आणि माझी चोळी भिजली. मला लाज वाटली, मी उठून चुलीपाशी गेले. पुढं आठ वर्षं त्या पोरीला झबली, मग परकर शिवले, दिवाळीला तेल लावलं. मामी म्हणून.

तपासणी न करताच आम्ही निघालो. स्टँडवर मी विचारलं, "ती माझीच हाय ना?"

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाल्या, "तुला दोन ल्योक व्हते. माज्या लेकीला टाकली आसती त्यांनी."

"मला इचारायचं व्हतं."

"तू न्हाय म्हणली आसतीस."

"व्हय. न्हायच म्हणले आसते."

हे मी इतक्या मोठ्यानं म्हणाले, की पलीकडच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. आयुष्यात मी कधी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता.

घरी यांना विचारलं. हे चपला काढत होते, तसेच खाली बघत राहिले. म्हणजे यांनाही माहीत होतं. दर वर्षी, पोर गेली त्या दिवशी, मी ओढ्याकाठी दिवा लावायचे, आणि वारं लागू नये म्हणून हाच माणूस आपल्या हातांचा आडोसा धरायचा. आठ वर्षं. रिकाम्या मातीपुढं मी रडायचे आणि हा शेजारी उभा राहायचा. हे लिहितानाही रडू येत नाही, राग येतो.

पंधरा दिवसांनी मी एकटीच बारामतीला गेले. विचारत विचारत त्या मॅडम जिथं कॉम्प्युटर शिकवतात तो क्लास शोधला. त्यांनी प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला होता, चूक सापडली नव्हती. माझ्यासमोर पुन्हा आकडे टाकले. तीन. मग दोन. मशीननं दोन मुकाट्यानं घेतला.

"बघा. त्या दिवशी काय झालं, मलाही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"दोन पुसा," मी म्हणाले. "तीन घाला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तीन घातला.

त्या टेबलावरच्या डब्याला कसं कळलं, मला अजून माहीत नाही. मॅडमना नाही, मला नाही.

उद्या नणंद येणार आहे, पोरीला घेऊन. सकाळपासून सासूबाई माझ्या मागं मागं फिरतायत… "पोरीपुढं काय बोलू नगंस, तुज्या पाया पडते." मी या पानाच्या तळाशी लिहिते आहे… हयात मुलं, तीन.