मिशीवाला शेतकरी

अप्पा, म्हणजे माझे वडील, मद्रासात वडपळनीच्या एका स्टुडिओत हलती चित्रं काढायचे आणि लग्न होईपर्यंत मी त्यांच्या हाताखाली रंग भरायला होते. कामं बहुतेक सरकारी: खत घाला, देवीची लस टोचून घ्या. ती दिल्लीहून यायची, आवाज आधीच हिंदीत भरून. अप्पा तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकत, मेजावरच्या आरशात स्वतःचं तोंड वेडंवाकडं करून बघत आणि तसेच चित्रातल्या शेतकऱ्याचे ओठ काढत. घरात तंजावरी मराठी, दारात तमिळ बोलणारा, हिंदीचा गंधही नसलेला हा माणूस अस्सल हिंदी ओठ काढायचा, याचं मला हसू यायचं.

मग त्याच चित्रांवर तमिळ आवाज चढवला जाई. बोलणं संपलं तरी ओठ हलतच राहत. एरवी लोक हसून सोडून द्यायचे. पण हिंदीविरुद्धचं आंदोलन पेटलं, स्टेशनांवरच्या हिंदी पाट्यांना डांबर फासलं गेलं, आणि थिएटरात आमचा शेतकरी दिसला की शिट्ट्या सुरू होऊ लागल्या. एकदा आम्ही दोघं मागच्या रांगेत बसलो होतो. पुढचा कोणीतरी ओरडला की हा बोलतोय तमिळ, पण तोंड दिल्लीचं आहे. अप्पा खाली मान घालून बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. लोकांनी आपल्या चित्राचं ऐकावं, एवढीच त्यांची हौस होती.

तमिळसाठी ओठ वेगळे काढू द्या, अशी त्यांनी विनंती केली. दिल्लीच्या साहेबांनी ती धुडकावली. एका भाषेला दिलं तर सगळ्याच मागतील, म्हणे. तेव्हा अप्पांनी शक्कल लढवली. नव्या फिल्ममधल्या शेतकऱ्याला त्यांनी अशी झुपकेदार मिशी दिली की ओठ दिसेचनात. बोलताना मिशी तेवढी थरथरायची. कुठलीही भाषा घाला, बसलीच. ती फिल्म मद्रासच्या लोकांनी शेवटपर्यंत ऐकली, कोणी हूं की चूं केलं नाही. घरी येताना अप्पांनी मला हॉटेलात कॉफी पाजली, इतके ते खूश होते.

साहेबही खूश झाले. स्वतः स्टुडिओत आले, अप्पांची पाठ थोपटली आणि म्हणाले की तोंडावाचून एवढं छान चालतंय, तर माणूस तरी कशाला काढायचा? यापुढे नकाशे आणि बाण पुरेत, वरून हव्या त्या भाषेत आवाज घालू. कामही लवकर उरकेल.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत अप्पांनी बाण काढले. धान्याचे, विजेचे, धरणाच्या पाण्याचे. साहेबांशी भांडायला हवं होतं, असं मी एकदा चिडून म्हणाले. अप्पा पट्टी धरून एका बाणाची कड सरळ करत होते.

"कशास भांडूं?" ते म्हणाले. "तोंड नको म्हणून आम्हीच तर दाखवून दिलों."