घाटात लागलेला दिवा

बाबांनी उभं आयुष्य काळी-पिवळी जीप चालवली. त्यामुळे मी स्टेअरिंगवर बसले की शेजारून त्यांचं तोंड सुरू. क्लच सोड, ब्रेक कायले दाबतं, म्हैस पाह्य. अस्सा वैताग यायचा! पेट्रोलचा पिवळा दिवा तर माझ्याआधी त्यांनाच दिसायचा.

गेल्या वर्षी साखरेनं त्यांचे डोळे धरले. अकोल्याच्या डॉक्टरांकडे ते हट्टानं एकटेच आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "बरं हाय समदं." मला ते खरंच असायला हवं होतं, म्हणून मी खोदून विचारलं नाही.

परतताना पातूरच्या पुढे घाटात दिवा लागला. मी घाबरले नाही. टाकीत दांडीला एक तरंगता गोळा असतो. पेट्रोल उतरतं तसा तोही उतरतो आणि ठरावीक पातळीखाली गेला की दिवा पेटतो. चढावर पेट्रोल एका बाजूला सरकतं, गोळा उगाच खाली जातो. सपाटीवर विझला नाही तरच तो खरा, हे मला बाबांनीच शिकवलेलं. आता पुन्हा ऐकवतील म्हणून मी कान तयार ठेवले. ते आपले सीटला टेकून बसले.

घाट संपला, रस्ता सपाट झाला. दिवा तसाच.

"पाह्य," बाबा समोर बोट दाखवून म्हणाले, "लाइट बी नाही लागला अजून. घरापर्यंत आरामात जातो आपण."

दिवा त्यांच्या बोटासमोर लख्ख पेटलेला होता.

"हो बाबा," मी म्हटलं.

मेडशीच्या अलीकडे पंप दिसला तशी मी गाडी आत घेतली.

"काहून थांबली वं?"

"हवा भराची हाय."

पण जीपवाल्याच्या नाकाला पेट्रोलचा वास कळणार नाही का? टाकी भरली. मग ते हळूच म्हणाले, "लागला होता ना लाइट?"

"हो."

"कुठं असते तो या गाडीत?"

मी चावी फिरवली, त्यांचं बोट धरलं आणि स्टेअरिंगमागच्या काचेवर त्या जागी टेकवलं.

"आता हाय?"

"नाही बाबा. विझला."

"मंग आता तुले बी नाही दिसत," ते म्हणाले आणि हसले.

मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसणार नाही हे कळून आणखीच आलं.