वीटभट्टीवर परत गेलेली बाई

मी परंड्याला एसटीत कंडक्टर होते, तेव्हाची गोष्ट. दुपारी कुर्डुवाडीहून परत येताना एका फाट्यावर एक बाई गाडीत चढली. पायांत चपला नव्हत्या, हातांवर उसाच्या पानांनी चिरा पडलेल्या. तिकिटाला पैसे न्हाईत म्हणाली. तिकीट मीच काढलं आणि तिला माझ्या सीटवर बसवलं.

पाणी प्यायल्यावर ती बोलू लागली. ती सास्तूरकडची. मुकादमानं आगाऊ पैशांची उचल देऊन सात जणांना वीटभट्टीवर आणलं होतं. हंगाम संपला तरी मालक सोडत नव्हता. मोबाइल, आधार कार्डं त्यानं काढून घेतलेली. घरी जायचं नाव काढलं की मार. ती पाण्याला म्हणून निघाली, घागर बांधावर ठेवली आणि उसात शिरली. नवरा आणि बाकीचे पाच जण अजून तिथंच होते.

परंड्याला उतरल्यावर मी तिला धाराशिवची गाडी दाखवली, बसवून देते म्हटलं.

ती गाडीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्या घरी गेले तर त्यास्नी कोण सोडवणार? सायबाचं हापिस दावा मला, ताई."

माझी ड्युटी संपली होती. तिला तहसीलला नेलं. साहेबांनी ऐकून घेतलं, पोलिसांना बोलावलं. रस्ता दाखवायला ती जीपमध्ये बसली. माझा हात सोडेना, म्हणून मीही बसले.

भट्टीवर मालक हजरच होता. साहेबांनी विचारलं तेव्हा मजूर माना खाली घालून म्हणाले, आम्ही खुशीनं राहतोय. तिचा नवरासुद्धा तेच म्हणाला. मला वाटलं, सगळं फुकट गेलं.

ती जीपमधून उतरली. मालकासमोरून चालत नवऱ्यापाशी गेली आणि त्याच्या सदऱ्याची बाही वर सरकवली. दंडावर काळेनिळे वळ होते.

"सांगा की," ती म्हणाली. "आज न्हाय सांगितलं तर कवा सांगणार?"

तो रडायला लागला. मग एकेक जण बोलू लागला. दिवस मावळायच्या आत सगळे बाहेर पडले. पुढं त्यांना वेठबिगारीतून सुटल्याचे सरकारी दाखलेही मिळाले.

आता सास्तूरकडचं कुणी असं अडकलं की घरचे तिच्याकडं येतात. दोनदा ती अधिकाऱ्यांबरोबर जाऊन माणसं घेऊन आली. भीती वाटत नाही का, असं मी तिला फोनवर विचारलं.

"वाटती की," ती म्हणाली. "पर आत असताना ह्याच्याहून लई वाटायची."

परवा तिसऱ्या ठिकाणी जाऊन आली म्हणून तिनं कळवलं.