कडुबामामांना तीनदा विचारायचं

आमच्या चिकलठाण्याच्या वर्कशॉपमधी कडुबामामांना कुणी नावं ठेवलेली मला खपत नाय. मी ठेवते, ती गोष्ट वेगळी.

मामा पडेगावच्या पल्याडचे. घरी अजून पन्नासेक मेंढरं हायेत, ती भाऊ राखतो. इथं वीस वर्षं लोखंड उचलून मामांची कंबर गेली, तेव्हा मालक विश्वजीत साहेबांनी त्यांना कॉम्प्युटरवर बसवलं. काम एकच, साच्यांची ड्रॉइंगं गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर पाठवायची. पण कशी, तर स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत हातभर लांब कमांड टाईप करून! एक टिंब चुकलं की फाईल जागची हलत नाय. मामा नुसते घामाघूम. शेवटी साहेब म्हणाले, "शनिवारी बारापर्यंत ड्रॉइंग पोचलं नाही, तर मामा परत यार्डात." म्हंजी परत लोखंड. त्या कंबरेनं?

माझं डोकंच फिरलं. मी ज्ञानेश्वरी, इथली कॉम्प्युटरवाली. दोन दिवस बसून सोपा प्रोग्राम लिहिला. पाठांतर बंद. तोच मराठीत विचारतो, कोणती फाईल? कुणाला? आणि शेवटी, "पाठवून देऊ का?" आपण फक्त 'हो' नायतर 'नको' लिहायचं. शेंबडं पोरगंबी करंल.

शुक्रवारी दिवसभरात एकबी फाईल गेली नाय.

"मामा, केलं काय तुम्ही?"

"सगळं बराबर केलं की. त्यानं विचारलं, पाठवून देऊ का. मी लिवलं, नको."

"नको? का?"

"अगं पोरी, पहिल्या झटक्यात हो म्हणायचं व्हय? हावरट दिसतंय ते. म्हणलं, परत विचारंल. बसलो वाट बघत. पर तुझा प्रोग्राम लई माणूसघाणा. एकदा नको म्हणलं की दारच लावून घेतोय!"

मी कपाळावर हात मारला. मलाबी कुणाकडं चहा तिसऱ्यांदा विचारल्यावरच घ्यायची सवय. मग लिहिताना माझी अक्कल काय चरायला गेली होती?

शनिवारी सकाळी प्रोग्राम बदलला. आता 'नको' म्हणलं की तो म्हणतो, "असं कसं मामा? देतो की पाठवून." तरीबी नको, तर "आता नाय म्हणू नका, बरं का."

पावणेबाराला मामा बसले. फाईल निवडली, गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं. पाठवून देऊ का? नको. मी ओठ चावला. दुसऱ्यांदा, नको. अहो, बाराला सात मिनिटं राहिली! तिसऱ्यांदा मामा हसले. "एवढं म्हणतोस तर पाठव बाबा." आणि लिहिलं, हो.

गेली एकदाची! गिऱ्हाइकाचा फोनबी आला, मिळाली म्हणून. माझे तर डोळेच भरून आले.

साहेब खूश. "मामा, ही खुर्ची आता कायमची तुमची. चालेल ना?"

मामा लाजले. "कशाला साहेब... नको, राहू द्या."

"बरं," म्हणून साहेब निघालेसुद्धा.

मी दारात आडवी झाले. "साहेब, हलायचं नाय! अजून दोनदा विचारा!"

माझ्या मागं मामांनी खुर्ची दोन्ही हातांनी गच्च धरली होती.