महापौराचा पट्टा

आमचे हे, दादाराव, मूळचे नागपूरचे. आयटीतली नोकरी गेली तेव्हा वय अठ्ठावन्न. या वयात टेक्सासात विचारतंय कोण? शेवटी एका ठेकेदाराकडे आम्ही नवरा-बायको दोघंही लागलो. काम काय, तर लष्कराच्या सराव-गावात गावकरी व्हायचं. प्लायवूडची घरं, खोटा बाजार. ताब्यात घेतलेलं परकं गाव कसं चालवायचं, ते सैनिक तिथे शिकायचे. मी पाव विकायची, हे गावातले वडीलधारे. आमच्या रंगाची माणसं त्यांना कुठल्याही देशाची म्हणून चालतात.

त्या दिवशी एका तरुण कॅप्टनला गावात सरकार स्थापन करायचं होतं. त्याने चौकात बंदूकधारी उभे केले, आम्हाला गोळा केलं आणि ह्यांच्या खांद्यावर पट्टा घालून सांगितलं, "आजपासून तुम्ही महापौर." ह्यांनी हात मिळवून आभार मानायचे, असं ठरलेलं होतं.

दादारावांनी विचारलं, "माझं नाव सुचवलं कोणी? अनुमोदन कोणाचं?"

मी कपाळाला हात लावला. आमच्या बुद्ध विहाराच्या कमिटीत खिचडी की पुलाव हेसुद्धा सूचक-अनुमोदकाशिवाय ठरत नाही, आणि त्यात सगळ्यांत आडमुठे हेच. पण इथे?

"अहो, नाटक आहे ते. घ्या ना गुपचूप," मी पुटपुटले. पोटावर पाय येईल अशी भीती होती, दुसरं काय.

"अगं, हा पोरगा हेच शिकून जाईल ना तिकडे," हे म्हणाले.

कॅप्टनने जमावाला विचारलं, "कोणाची हरकत?" समोर बंदुका, हरकत कोण घेणार? सगळे गप्प. "बघा, सर्वांना मान्य आहे," तो म्हणाला.

"बंदुका गावाच्या फाटकाबाहेर ठेवा, मग विचारा," हे म्हणाले.

"तेवढा वेळ नाही. सराव चारला संपतो."

दादारावांनी पट्टा काढून त्याच्या हातात दिला. ठेकेदाराचा मॅनेजर धावत आला. ह्यांना म्हणाला, उद्यापासून येऊ नका. आणि कॅप्टनच्या हातातला तोच पट्टा घेऊन त्याने माझ्यापुढे धरला. "तुम्ही घ्या. निदान तुमचं काम तरी राहील."

घरात एकाची तरी कमाई हवी, हे मला कळत नव्हतं थोडंच? पण डोकंच फिरलं माझं. नवऱ्याला हाकलायचं आणि बायकोला बसवायचं, ही कुठली रीत?

"नाही," मी म्हटलं. "मलाही कोणी निवडलेलं नाही."

गाडी काढून आम्ही प्लेनोला घरी आलो. तो पोरगा जिथे जाणार, तिथल्या माणसांना असं निघून जाता येणार नाही. त्यांचं घर तिथेच आहे. तिथे नाही म्हणणाऱ्याला गोळी बसू शकते. आमची नुसती नोकरी गेली.