मुळगावच्या वळणावरची अखंड रेषा

गोकुळदास पार्सेकर मूळचा पेडण्याचा. रस्त्यांवर पांढरे पट्टे मारण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. हात असा बसलेला, की दोरी नसली तरी रेषा हलत नसे. तुटक रेषा म्हणजे पुढच्याला मागे टाकायला मुभा, अखंड म्हणजे मनाई. कुठे कोणती, ते नकाशा ठरवी.

गोव्यात लोहखनिजाची वाहतूक जोरात असतानाची गोष्ट. सुर्ल्याकडून भरलेल्या ट्रकांची रांग मुळगावातून जाई. तिथल्या वळणाजवळ शेतातली पायवाट रस्त्याला मिळत होती. भारे घेतलेल्या बायका तिथूनच रस्ता ओलांडत. गोकुळदासने ते पाहिलं, क्षणभर थांबला. मग नकाशात होती तशी तुटक रेषा मारून पुढे गेला.

पंधरवड्याने तिथेच एक ट्रक दुसऱ्याला मागे टाकायला गेला आणि रस्ता ओलांडणारी गावातली पद्मावती त्याखाली सापडून गेली. डोक्यावर गवताचा भारा होता. "रेषा तुटक होती," एवढंच ड्रायव्हर सांगत राहिला.

ते गोकुळदासच्या कानावर आलं. बारावं झाल्यावर तो तिच्या घरी गेला. नवरा विठ्ठल ओसरीवर बसला होता.

"ती रेषा मी मारली," गोकुळदास म्हणाला.

विठ्ठल म्हणाला, "माथ्यावर भारो असलो की मान वळना. तिका ट्रक दिसलोच नसतलो." मग त्याने विचारलं, "सांगितल्यानी तसा तू केलंस, ता खरा. पण तू थंय उभो रवललंस मा? पायवाट दिसली नाय?"

"दिसली," गोकुळदास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो रस्ते खात्याच्या कचेरीत, नकाशे काढणाऱ्या विनोदिनी इंजिनिअरबाईंसमोर उभा राहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

"मॅडम, नकाशात पायवाट नाही. एकदा येऊन बघा."

त्या आल्या. दोन दिवस सकाळी वळणावर उभ्या राहून त्यांनी ट्रक मोजले, बायका मोजल्या. मग नकाशा बदलला. वळणाच्या दोन्ही अंगांना लांबवर अखंड रेषा, पायवाटेसमोर रुंद झेब्रा पट्टे. भरलेला ट्रक उशिरा थांबतो, म्हणून थांबण्याची रेषा नेहमीपेक्षा बरीच मागे.

गोकुळदासने ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. तेव्हापासून कुठल्याही गावात दोरी धरण्याआधी तो रस्त्याच्या दोन्ही कडांनी चालून येई. मुकादम वेळेवरून कुरकुरायचा. ट्रकवालेही सगळेच काही सुधारले नाहीत. पण बहुतेक जण वळणावर रांगेत राहू लागले.

एक अडचण उरली. आठवडाभरात तांबडी धूळ बसून पट्टे दिसेनासे होत. रविवारी सुट्टी असे, तेव्हा गोकुळदास झाडू घेऊन तिथे जाऊ लागला. तिसऱ्या रविवारी विठ्ठल शेतातून पाण्याची कळशी घेऊन वर आला. गोकुळदास घाशी तिथे तो पाणी ओतत राहिला, आणि कळशी संपली तशी दुसरी आणायला खाली उतरला.